‘रॉनीचा शर्ट’: एका ट्रंकेतल्या कपड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मी जुन्या कपड्यांच्या जतनाचं काम करते. लग्नाचे पोशाख, सैनिकांचे गणवेश, गोधड्या, चर्चमधले झगे असं काहीबाही लोक घेऊन येतात. २०२३ सालच्या उन्हाळ्यात उत्तर फ्लोरिडातल्या दोन भावंडांनी एक पत्र्याची ट्रंक आणली, त्या ट्रंकेची ही हकीकत. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून गाव आणि काही बारकावे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच लिहिले आहेत.

वडील कागदाच्या गिरणीत आयुष्यभर पाळ्या करून निवृत्त झाले होते आणि चार महिन्यांपूर्वी वारले होते. ते लिनर्ड स्किनर्ड या बँडचे, आणि त्यातही गायक रॉनी व्हॅन झँट याचे, निस्सीम चाहते. वयाने त्याच्यापेक्षा वर्षभर लहान, राहणारे त्याच्याच मुलखातले. रॉनीचा जन्म १५ जानेवारी १९४८ चा, जॅक्सनव्हिलचा. रॉनीचे वडील ट्रक चालवायचे. शहराच्या पश्चिमेकडच्या गरीब वस्तीत तो वाढला. मोठी गिटार, मोठे आवाज आणि दक्षिणेकडच्या कष्टकरी माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्या या संगीताला सदर्न रॉक म्हणतात, आणि त्या प्रकारातला हा सर्वांत ठसठशीत आवाज.

रॉनीच्या पोशाखाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. त्या काळातले रॉक गायक मखमल, चमकी, उंच टाचा घालून रंगमंचावर यायचे. रॉनी यायचा जीन्स आणि टी-शर्टमध्ये, डोक्यावर काळी हॅट आणि बहुतेक वेळा अनवाणी. तळव्यांना स्टेजची धग लागली पाहिजे, असं तो म्हणायचा असं सांगतात. गिरणीतून पाळी संपवून आलेल्या माणसाला समोर आपल्यासारखाच माणूस दिसायचा. तसा पोशाख कुणालाही करता येत होता, आणि चाहत्यांनी तो केला. हॅट टेक्ससमधल्या टेक्सस हॅटर्स या दुकानाची. मॅनी गॅमेज या कारागिराच्या हातची ती घडण आजही त्या दुकानाची ओळख आहे.

टी-शर्टमध्ये एक फार गाजला. त्यावर नील यंग या रॉक गायकाच्या ‘टुनाइट्स द नाइट’ या अल्बमचं चित्र होतं. नील यंगने आपल्या गाण्यांत दक्षिणेवर, तिथल्या वर्णद्वेषावर कठोर टीका केली होती. त्याला लिनर्ड स्किनर्डने १९७४ मध्ये ‘स्वीट होम अलाबामा’मधून नाव घेऊन उत्तर दिलं. लोकांना वाटलं हाडवैर आहे. प्रत्यक्षात दोघांना एकमेकांची गाणी आवडत होती, आणि रॉनी त्याच नील यंगचं चित्र छातीवर मिरवत होता. ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरही तो याच शर्टात उभा आहे.

तो अल्बम बाजारात आला १७ ऑक्टोबर १९७७ ला. तीनच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, ग्रीनव्हिलहून बॅटन रूजला निघालेलं बँडचं भाड्याचं विमान इंधन संपल्यामुळे मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या जंगलात कोसळलं. विमानात २६ जण होते, सहा गेले. रॉनी, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण आणि सहगायिका कॅसी गेन्स, बँडचा एक व्यवस्थापक आणि दोन्ही वैमानिक. रॉनी २९ वर्षांचा होता. मुखपृष्ठावर बँडच्या भोवती ज्वाळा दाखवल्या होत्या, त्या काढून मागे साधा काळा रंग लावण्यात आला.

मग अफवा उठली की रॉनीला त्याच शर्टात पुरलंय. ती वीस-बावीस वर्षं फिरत राहिली. जून २००० अखेर ऑरेंज पार्कमधल्या स्मशानभूमीत कुणीतरी रॉनी आणि स्टीव्ह यांच्या समाध्या फोडल्या. रॉनीची शवपेटी बाहेर ओढून जमिनीवर टाकलेली सापडली, स्टीव्हच्या अस्थींतल्या काही सांडल्या होत्या. शर्टाची अफवा खरी की खोटी हे पाहायलाच हे केलं असावं, असं तेव्हापासून बोललं जातं. नंतर रॉनीला जॅक्सनव्हिलमध्ये आई-वडिलांजवळ पुन्हा पुरण्यात आलं. ऑरेंज पार्कची समाधी स्मारक म्हणून तशीच ठेवली आहे, तिथे आजही लोक फुलं ठेवतात.

मी कामाला घेतलेल्या कपड्यांपैकी असा एकच, ज्याच्या नुसत्या वदंतेपायी कुणी मेलेल्या माणसाची पेटी बाहेर ओढली. ट्रंक उघडताना हे माझ्या मनात होतं.

अडचण काय होती

ट्रंकेत एक काळी फेल्टची हॅट होती, एक डेनिमचं बिनबाह्यांचं जाकीट होतं, आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला एक टी-शर्ट. मूळचा काळा, आता राखाडीकडे झुकलेला. छातीवर तेच नील यंगचं चित्र. झाकण उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा भपका आला आणि मला आईच्या माहेरची शालूंची पेटी आठवली.

वडील घरात या कपड्याला कायम ‘रॉनीचा शर्ट’ म्हणायचे. मुलांना हात लावू द्यायचे नाहीत. २० ऑक्टोबरला तो बाहेर निघायचा, खुर्चीच्या पाठीवर दिवसभर टाकलेला असायचा आणि रात्री परत आत जायचा. कुठून आला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलांनी त्याचा एकच अर्थ लावला होता, आणि तो लावणं अगदी साहजिक होतं.

धाकट्या भावाने वडील गेल्यावर शर्टाचा फोटो चाहत्यांच्या एका गटात टाकला होता. आठवड्याभरात अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले. एक जण थेट दारात येऊन उभा राहिला. जुन्या कपड्यांच्या एका व्यापाऱ्याने चार आकडी डॉलरांची बोली लावली, अट एवढीच की ‘हा शर्ट बँडच्या माणसाने वडिलांच्या हातात दिला’ असं दोन्ही भावंडांनी लिहून द्यायचं. कागद तयार होता, फक्त सह्या बाकी होत्या. थोरली बहीण शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिने सही थांबवली. “बाबांनी असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही,” एवढंच ती म्हणत होती. भावाचं म्हणणं, म्हटलं नसलं तरी दुसरं काय असणार?

म्हणजे माझ्याकडे आलेला प्रश्न वरवर साधा होता: हा तोच शर्ट आहे का? त्याच्याखाली दोन प्रश्न दबलेले होते. नसेल तर वडील खोटं बोलले का, आणि असेल तर त्याचं करायचं काय.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सही करून विकण्याचा. पैसे लगेच मिळणार होते आणि भावाला त्यांची गरज होती, हे मी इथे मुद्दाम लिहिते. त्याला लोभी ठरवणं सोपं आहे, पण वडिलांच्या आजारपणात सुट्ट्या काढून तोच जवळ राहिला होता.

दुसरा, एखाद्या संग्रहालयाला देणगी. अमेरिकेत वस्तूची देणगी पाच हजार डॉलरांहून जास्त दाखवून करसवलत घ्यायची असेल तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो, आणि गायकाने घातलेला शर्ट म्हणून मूल्य लावायला पुरावा लागतो. पुरावा नसेल तर तो फक्त जुना छापील टी-शर्ट.

तिसरा, काहीच न करता घरी ठेवणं. बहिणीचा कल इकडे होता.

चौथा पर्याय भावाचा होता आणि मला त्याचीच धास्ती वाटली. चाहत्यांसमोर जाहीर करायचं की शर्ट कबरीत कधी नव्हताच, तो इथे आहे. त्याला वाटत होतं की यामुळे अफवा कायमची मिटेल. मला वाटलं, नेमकं उलटं होईल. ‘आमच्याकडे आहे’ म्हटलं की ‘खोटं, तो तिथेच आहे’ म्हणणारा दुसरा उभा राहतो, आणि पुन्हा कुणाची तरी नजर कबरीकडे वळते. तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही नवा फोटो बाहेर टाकायचा नाही, ही अट मी काम हातात घेतानाच घातली. भावाने ती पाळली.

तपासणीतही पर्याय होते. कापसाचं वय किरणोत्सारी कार्बनवरून काढता येतं. अणुचाचण्यांमुळे हवेतला हा कार्बन १९६० च्या दशकाच्या मध्याला शिगेला पोचला आणि नंतर उतरत गेला, त्यामुळे १९७६ चा कापूस आणि २००० चा कापूस वेगळे ओळखू येतात. पण त्यासाठी कापडाचा तुकडा जाळावा लागतो, आणि धाग्यात पॉलिएस्टरची भेसळ असेल तर आकडा फसवा येतो. म्हणून आधी नासधूस न करणाऱ्या तपासण्या, आणि त्यांनी भागलं नाही तरच हे, असं ठरवलं.

काय केलं

सगळ्यात आधी तिन्ही वस्तू पिशव्यांत सीलबंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवल्या, कारण फेल्टला कसर लागलेली असू शकते आणि ती बाकीच्यांत पसरते.

हॅटचा निकाल पाच मिनिटांत लागला. आतल्या चामडी पट्टीवर वडिलांच्याच नावाची आद्याक्षरं सोनेरी ठशात होती. त्यांनी ती स्वतःसाठी बनवून घेतली होती. भावाने मान हलवली, त्याला ते आधीच ठाऊक होतं.

शर्टाला वेळ लागला. मानेजवळचं लेबल कापलेलं होतं. अमेरिकेत कपड्यावर धाग्याचं प्रमाण लिहिणं १९६० पासून आणि धुण्याच्या सूचना शिवणं १९७२ पासून सक्तीचं आहे. शब्दांऐवजी नुसती चिन्हं वापरायला मुभा मिळाली १९९७ मध्ये. त्यामुळे लेबल हा शर्टाचा जन्मदाखलाच असतो. इथे शिलाईत अडकलेली दोन मिलिमीटरची पांढरी कड तेवढी उरली होती, तिच्यावर काही नव्हतं. विकणारे लेबल कापतात तसे मान खाजते म्हणून घालणारेही कापतात. त्यावरून काही ठरत नाही.

व्यापाऱ्याचा सगळा भर बाहीच्या टिपेवर होता. बाहीच्या कडेला एकेरी टीप होती, आणि जुन्या टी-शर्टांच्या बाजारात एकेरी टीप म्हणजे जुना माल असं मानतात. ते अर्धवट खरं आहे. एकेरी टिपेचे शर्ट १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास शिवले जात होते, आणि आता जुनं दिसावं म्हणून मुद्दाम तशी टीप मारणारेही आहेत. म्हणजे टीप ‘असू शकेल’ म्हणत होती, ‘आहे’ म्हणत नव्हती.

उत्तर छपाईत होतं. चित्र भिंगाखाली घेतलं, दहापट मोठं करून. सत्तरच्या दशकात फोटो शर्टावर छापायचा तर तो कॅमेऱ्याने जाळीतून पुन्हा टिपावा लागे. त्या छपाईतले ठिपके शिस्तीत, सारख्या अंतरावर, रांगेने उभे असतात. जिथे सावली दाट तिथे ठिपका मोठा, जिथे उजेड तिथे बारीक. या शर्टावरचे ठिपके सगळे एकाच मापाचे होते आणि विस्कटून टाकलेल्या मोहरीसारखे पसरलेले. दाट जागी जास्त ठिपके, विरळ जागी कमी. ही संगणकाने केलेली फोड आहे, आणि टी-शर्टांवर ती आली १९९० च्या दशकात. मी चित्राच्या तीन वेगवेगळ्या जागा पाहिल्या. खांद्याजवळ, दाढीत, खालच्या कोपऱ्यात. तिन्हीकडे मोहरी.

शर्ट १९७७ चा नव्हता. रॉनीच्या अंगावर तो असणं शक्यच नव्हतं.

त्या दिवशी मी भावंडांना बोलावलं आणि भिंग त्यांच्यासमोर ठेवलं. बहीण पाहून गप्प राहिली. भाऊ बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “म्हणजे म्हातारा आम्हाला आयुष्यभर बनवत होता?”

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी फक्त विचारलं, वडिलांनी काही लिहून ठेवलंय का? पत्रं, डायरी, तिकिटं, काहीही. बहीण सहज म्हणाली, गॅरेजमध्ये खोक्यात वह्या आहेत, पण त्यात नुसती गाण्यांची यादी आहे.

त्या वह्या आल्या आणि प्रकरणाचा रोखच बदलला.

तीन वह्या होत्या. पहिल्या दोनमध्ये वडिलांनी स्वतः पाहिलेल्या कार्यक्रमांच्या नोंदी होत्या, १९७४ ते १९७७. पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेले. तारीख, गाव, हॅट, शर्ट, पायात काय, पहिलं गाणं. एकूण १९ ओळी. ‘पायात’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘काही नाही’ असं लिहिलेलं. शर्टाच्या रकान्यात कधी एक शब्द, कधी कडेला पेन्सिलने काढलेलं छोटं चित्र. हा माणूस पाळी करून, शंभर-दोनशे मैल गाडी हाकून जायचा आणि घरी येऊन गायकाच्या अंगावर काय होतं ते लिहायचा. गायकांच्या पोशाखाची माहिती बहुधा छायाचित्रांतून मिळते, आणि छायाचित्रं मोठ्या शहरांची असतात. लहान गावांतल्या कार्यक्रमांची अशी हातची नोंद माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

तिसरी वही नंतरची होती. त्यात चाहत्यांच्या मेळाव्यांचे खर्च, पेट्रोल, मोटेलचं भाडं. ऑगस्ट २००० च्या पानावर एक नोंद: मेळाव्यातल्या स्टॉलवरून नील यंगचे दोन शर्ट घेतले. त्याखाली चार ओळी. समाध्या फोडल्या त्याला तेव्हा काही आठवडेच झाले होते. वडिलांनी लिहिलं होतं की दोनपैकी एक शर्ट ते ऑरेंज पार्कला घेऊन गेले आणि स्मशानभूमीच्या फाटकाला बांधून आले. ज्याला शर्ट पाहिजे असेल त्याने हा न्यावा आणि रॉनीला निजू द्यावं. दुसरा घरी ठेवला.

बहिणीने ते मोठ्याने वाचलं. भाऊ उठून बाहेर गेला आणि पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा राहिला. आत आल्यावर त्याने शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मग हा रॉनीचाच शर्ट.”

मराठी माणसाला हे चटकन कळेल. आपण गांधी टोपी म्हणतो तेव्हा ती गांधींच्या डोक्यावरून उतरवलेली आहे असं कुणी समजत नाही. ज्याची आठवण म्हणून घातली, त्याचं नाव तिला लागलं. त्या घरात ‘रॉनीचा शर्ट’ याचा अर्थ तोच होता. वडिलांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

निष्पत्ती

व्यापाऱ्याच्या कागदावर कुणीच सही केली नाही. भावाने स्वतः फोन करून छपाईचं सांगितलं, बोली त्याच दिवशी मागे घेतली गेली.

शर्ट, हॅट आणि तिन्ही वह्या काउंटीच्या इतिहास संग्रहाने देणगी म्हणून घेतल्या. करसवलतीचा प्रश्नच उरला नाही, इतकी त्यांची बाजारभावाने किंमत नव्हती. देणगीपत्रात दोन गोष्टी लिहून घेतल्या: वह्यांची सगळी पानं स्कॅन करून अभ्यासकांना उपलब्ध ठेवायची, आणि शर्टाच्या माहितीपट्टीवर ‘रॉनी व्हॅन झँटचा शर्ट’ असे शब्द एकटे कधी लिहायचे नाहीत. सध्याच्या पट्टीवर असं आहे: ‘चाहत्याने २००० साली विकत घेतलेला शर्ट. याच्या जोडीचा शर्ट त्याने ऑरेंज पार्कच्या स्मशानभूमीत बांधला.’

शर्टाची घडी घालताना प्रत्येक मोडीत आम्लमुक्त टिश्यू पेपरची गुंडाळी ठेवली, नाहीतर छपाईला मोडीवर भेगा पडतात. प्रदर्शनात तो वर्षातून तीन महिनेच असतो, आणि दिवा ५० लक्सच्या वर जात नाही. काळा रंग आधीच खूप उडाला आहे.

डेनिमचं जाकीट हा वेगळा पेच. त्याच्या पाठीवर अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बंडखोर सैन्याचा झेंडा शिवलेला होता. सत्तरच्या दशकात बँडच्या मागे रंगमंचावर हा झेंडा असायचा, जाहिरातीसाठी रेकॉर्ड कंपनीने तो आणला असं बँडमधल्यांनी नंतर सांगितलं आहे. २०१२ मध्ये बँडचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन याने तो सोडून देण्याची भाषा केली, चाहते खवळले, आणि बँडने पुन्हा वापरला. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकलं त्यांच्यासाठी तो झेंडा काय आहे, हे मी या राज्यात रोज काम करताना पाहते. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी सहकारी कृष्णवर्णीय आहे, आणि ट्रंकेतून जाकीट निघालं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवून दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं. बहिणीला ते जाळून टाकायचं होतं, भावाला वडिलांचं म्हणून ठेवायचं होतं. शेवटी संग्रहाने ते घेतलं, पण प्रदर्शनात ठेवायचं नाही, फक्त अभ्यासासाठी मागितल्यास दाखवायचं, असं ठरलं. तिघांपैकी कुणीच पूर्ण समाधानी नव्हतं. मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो. चाहत्याचा वारसा जपायचा तर त्यातलं टोचणारंही नोंदवलं पाहिजे, आणि ते छातीवर लावून मिरवू नये.

अफवेचं काय झालं? भावाने कुठेही काही जाहीर केलं नाही. गटात टाकलेला पहिला फोटो काढून टाकला. पुढच्या ऑक्टोबरात तो मिसिसिपीला जाऊन गिल्सबर्गजवळ २०१९ साली उभारलेल्या स्मारकापाशी थांबून आला. तिथून त्याने मला एक फोटो पाठवला, दगडापुढे जमिनीवर ठेवलेल्या काळ्या हॅट्सचा. कोणी कोणी ठेवून गेलेल्या, मी सात मोजल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक फोनवरची. भावाने शर्टाचं वर्णन केलं आणि बाहीला एकेरी टीप आहे म्हणाला, तेव्हा मी “मग आशा आहे” असं बोलून गेले. न पाहिलेल्या कपड्याबद्दल तेवढंही बोलायला नको होतं. त्या तीन शब्दांवर त्याने महिनाभर मनोरे रचले, आणि भिंगासमोर जे कोसळलं त्यातला बराचसा माल माझा होता. आता मी फोनवर फक्त प्रश्न विचारते.

दुसरं, कपडा धुऊ नका हे मी पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतं. आणण्याच्या आदल्या दिवशी बहिणीने, चांगल्या मनाने, शर्ट साबणात धुऊन इस्त्री केला होता. पुराव्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडलं नाही, कारण निकाल छपाईने दिला. पण वह्या वाचून झाल्यावर तिने शर्ट नाकाशी धरला आणि म्हणाली, “यात बाबांचा वास होता, तो मीच घालवला.” हे वाचणाऱ्या कुणाकडे आजीची पैठणी किंवा आजोबांचं बंडी-उपरणं असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, कुणाला तरी दाखवेपर्यंत धुऊ नका. डांबरगोळ्याही काढा आणि स्वच्छ मलमलीत गुंडाळा.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, आणि तिची बोच गेलेली नाही. ‘कपडे घेऊन या’ असं मी म्हटलं. कपड्यांचं काम करणारी बाई दुसरं काय म्हणणार, असं स्वतःला समजावता येतं, पण कपड्याची साक्ष बहुतेक वेळा कागदातच असते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक होतं. वह्या आणखी पाच आठवडे फ्लोरिडातल्या उन्हाळ्यात, दमट गॅरेजमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून राहिल्या. आल्या तेव्हा पहिल्या वहीला ताजी बुरशी धरलेली होती. ती वाळवली, पान न् पान ब्रशने आणि गाळणीच्या व्हॅक्यूमने साफ केलं, तरी १९७४ ची दोन पानं एकमेकांना चिकटली होती ती सुटली नाहीत. वर मी १९ ओळी म्हटलं, त्या वाचता येणाऱ्या. त्या दोन पानांत आणखी किती होत्या ते आता कुणालाच कळणार नाही. हल्ली माझ्या पहिल्या पत्रात कपड्यांच्या आधी वह्या, पत्रं, पाकिटं, फोटोंच्या मागचा मजकूर, हे सगळं मागितलेलं असतं.

दुसरी वही वाचली, कारण वडिलांनी ती पावाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून ठेवली होती. तिच्या शेवटच्या पानावर १९ ओळींखाली आणखी एक ओळ आहे. जायचं ठरलं की ते तारीख आणि गाव आधीच लिहून ठेवायचे आणि बाकीचे रकाने परत आल्यावर भरायचे. त्या ओळीत ऑक्टोबर १९७७ ची तारीख आहे आणि गाव बॅटन रूज.

सूची करणाऱ्या मुलीने मला विचारलं, ही ओळ अपूर्ण म्हणून नोंदवू का? मी म्हटलं, जे दिसतंय तेच लिही. तिने लिहिलं: तारीख, गाव, आणि पुढे चार रिकामे रकाने. हॅट, शर्ट, पायात काय, पहिलं गाणं.